लोकरीखालचा डबा

कुलूपकाकांच्या दुकानात घालायच्या कोटाचं बटण तुटलं, तेव्हा काकूंना जाऊन वर्ष उलटलं होतं. बटण ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण घरात सुई कुठे असते हे काकांना ठाऊक नव्हतं. अख्ख्या वस्तीतल्या कुलपांची नस न् नस ओळखणारा हा गृहस्थ स्वतःच्या घरात सुईदोऱ्यासाठी अर्धी सकाळ वणवण फिरला. कपाटं झाली, शिवणयंत्राचे खण झाले, स्वयंपाकघरातल्या बरण्यासुद्धा उघडून झाल्या. शेवटी उरली ती बैठकीतली लोकरीची टोपली. दोघांच्या दोन खुर्च्या, आणि त्यांच्या मधोमध ही वेताची, बिनझाकणाची टोपली. काकू गेल्यापासून काका तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं ठेवत होते. त्यामुळे ती टोपली आहे हेच ते विसरून गेले होते, किंवा विसरायचं म्हणून वर्तमानपत्रं ठेवत होते. काय असेल ते असो.

त्यांनी वर्तमानपत्रं खाली काढली. वर अर्धवट विणलेला मोजा होता, सुया तशाच अडकवलेल्या. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून काकूंच्या खुर्चीवर ठेवला. मग निळे गुंडे, राखाडी गुंडे, एक लाल गुंडा. तळाशी हात गेला तेव्हा बोटांना गार पत्रा लागला. डोळे मिटूनही त्यांनी तो ओळखला असता. चपटा, गोल, कडेला पोचा आलेला. त्यांचा तंबाखूचा डबा!

आता हा डबा तिथे कसा गेला, ते आधी सांगायला हवं.

काकांना सगळे कुलूपकाका म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळकूट, किल्ली घट्ट धरायचा एक शेगडा आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या. कुलूप हातात आलं की काका ते कानाशी नेऊन हलवत आणि निदान सांगत, "आत वाळू गेलीय," किंवा "हे कुणीतरी चिडून उघडलंय." तारेचा आकडा आत घातला की कुलूप मुकाट्याने उघडायचं. तोंडात मात्र पाइप असायचा. पाइप तोंडात असला म्हणजे काका बोलत नसत, आणि नसला तरी फारसे बोलत नसत. लोक म्हणायचे, दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप मालकाच्या तोंडाला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे हट्ट. तो काकांच्या हाडीमाशी खिळला होता. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी नाही. काकू याच्या उलट. त्या हसून बोलायच्या, लगेच पडती बाजू घ्यायच्या, आणि शेवटी करायच्या मात्र स्वतःच्या मनासारखं.

एका हिवाळ्यात काकांचा खोकला थांबेचना. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, भुवया चढवल्या आणि पाइप बंद म्हणून सांगितलं. काकांनी मान डोलावली. चार दिवस झाले असतील नसतील, काकू कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेल्या, तर पाण्याच्या टाकीमागून धूर येत होता. धुराखाली काका होते. शाळकरी पोरासारखे उकिडवे बसलेले.

काकूंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला. काकांनी डबा दिला.

"हा मी लपवून ठेवणार," काकू म्हणाल्या. "फेकणार नाही. अगदीच राहवलं नाही तर सरळ मागा. मी देईन. पण चोरून नाही, माझ्यासमोर बसून ओढायचा. तुम्ही खोकलात तर मला ऐकू यायला हवं."

"मी मागू?" काका उसळले. "माझी वस्तू, आणि मी तुझ्याकडे मागू? मेलो तरी मागणार नाही."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

झालं. काका हट्टाला पेटले. मागायचं नाही हे पक्कं, पण शोधायला कुणाची मनाई होती? काकू बाजारात गेल्या की काका तारेचा आकडा घेऊन घरभर फिरायचे. काकूंची लोखंडी पेटी त्यांनी उघडली, आतला एकही कपडा न हलवता पाहिली आणि पुन्हा लावून टाकली. कपाटाचा चोरखण उघडला. माळ्यावरची बॅग उघडली. शिवणयंत्राचा खण, ज्याची किल्ली काकू गळ्यात घालायच्या, तोसुद्धा. सगळीकडून हात हलवत परत. घरात जिथे म्हणून कुलूप होतं तिथे त्यांनी पाहिलं. जिथे कुलूप नव्हतं तिथे पाहायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर लोकांनी जे जपायचं ते कुलपातच ठेवलेलं त्यांनी पाहिलं होतं. आणि काकूंनी तर त्यांच्याबरोबर उभा जन्म काढला होता. नवऱ्यापासून वस्तू लपवायची तर ती उघड्यावर ठेवावी, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

शेवटी काकांनी मनाशी निकाल लावून टाकला. डबा घरात नाही. हिनं फेकला. देईन म्हणाली, आणि फेकून मोकळी झाली. पाइप त्यांनी दुकानातल्या गंजक्या किल्ल्यांच्या खोक्यात टाकला, पुन्हा ओढला नाही, आणि काकूंना त्याबद्दल एका शब्दानेही विचारलं नाही. खोकला थांबला, छाती सुधारली, पण मनातली अढी काही गेली नाही.

तसं दोघांचं वाईट चाललं होतं असं नाही. लेक लग्न होऊन दूर गेली, घरात दोघंच उरली. संध्याकाळी काका दुकान बंद करून येत, आपल्या खुर्चीत बसत. समोर काकू विणत बसत, टोपली मध्ये. विणता विणता काकू मान वर करून विचारत, "काही हवंय का तुम्हाला?"

"काही नको," काका म्हणत.

रोजचा प्रश्न, रोजचं उत्तर. कधी काका पाणी मागत, कधी चष्मा. काकू हसून तो देत आणि पुन्हा सुया चालवू लागत. काकांना वाटे, या बाईला विचारायची सवयच लागलीय.

आणखी एक गोष्ट होती. दर रविवारी स्वयंपाकघरात नळाशेजारच्या कट्ट्यावर एका वाटीत खापराचा तुकडा भिजत पडलेला असे. फुटक्या कुंडीचा, कडा घासून गुळगुळीत केलेला. टाचा घासायला असेल, असं काकांनी गृहीत धरलं होतं. एकदा तर त्यांनी चेष्टाही केली, "किती घासशील? टाचा झिजून उंची कमी होईल तुझी." काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. एवढं हसण्यासारखं आपण काय बोललो, हे काकांना तेव्हा कळलं नाही. रविवारी कधीकधी त्यांना तंबाखूचा वास आल्यासारखा वाटे. आपल्याच नाकाची जुनी खोड, म्हणून ते गप्प बसत.

मग काकू आजारी पडल्या. ते दुखणं लांबलं, आणि त्यातून त्या उठल्या नाहीत.

असा हा डबा. काका तो मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. बटण, सुई, दुकान, सगळं विसरले होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना रडू वगैरे आलं नाही. पहिल्यांदा आला तो राग, आणि रागात थोडा आनंद. म्हणजे होता तर! इथे, हाताच्या अंतरावर! आणि सापडला शेवटी, न मागता सापडला. भिंतीवरच्या फोटोकडे बघून ते मोठ्यानं म्हणाले, "जिंकलो की नाही? आता ओढतोच बघ तुझ्या नाकासमोर."

त्यांनी अंगठ्यानं झाकण उचकटलं. आत तंबाखू होती, अर्ध्याहून जास्त. आणि तिच्यावर ते टाचा घासायचं खापर. हे इथे काय करतंय, असं म्हणत त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि चिमूट उचलली. तंबाखूचा कुरकुर आवाज झाला आणि बोटांत भुगा उरला. वासही नाही. पूर्वी झाकण उघडलं की सुक्या अंजिरांसारखा गोडसर वास खोलीभर व्हायचा. आता नाक डब्यात खुपसलं तरी नुसती धूळ.

काका काही हार मानणारे नव्हते. कोरडी झालीय, तर ओली करायची. यात काय अक्कल लागते? त्यांनी निम्मी तंबाखू वाडग्यात घेतली, नळाखाली बोटं भिजवून तिच्यावर पाणी शिंपडलं, कालवलं, वर ताटली झाकली आणि कपाटात ठेवून दिली. दोन-चार दिवसांनी दुकानातून येताना गंजक्या किल्ल्यांच्या खोक्यातून पाइप शोधून आणला, धुतला, पुसला. मोठ्या ऐटीत ताटली उचलली. आत पांढरी, केसाळ बुरशी आली होती. ओल्या पोत्यासारखा वास भपकन नाकात शिरला.

ती सगळी टाकून द्यावी लागली. टाकताना काकांना पहिल्यांदा भीती वाटली. डब्यात उरली होती तेवढीच आता होती. ती गेली की गेली. त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय करताय?"

"काही नाही. बटण लावतोय."

"अजून तेच बटण? परवाही हेच म्हणालात," लेक हसली, मग म्हणाली, "बाबा, आठ दिवस माझ्याकडे या ना."

"दुकान आहे," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर घर इतकं शांत झालं की त्यांनी उगाचच रेडिओ लावला, आणि काय चाललंय ते न ऐकता बंदही केला. दिवसभर बोललेली वाक्यं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी खोटी. माणूस एकटा पडला की असंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून काका डबा कोटाच्या खिशात घालून धुरंधरकडे गेले. धुरंधर म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतला तंबाखूवाला. दुकानात सदा धूर, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. तो आता थकला होता, फळीवर बरण्याही मोजक्याच उरल्या होत्या, पण काकांना त्यानं पायरीवरच ओळखलं.

"या या, कुलूपवाले! वाट चुकलात की काय? किती वर्षांनी!"

काकांनी डबा फळीवर ठेवला. "कोरडी पडलीय. पाणी मारून बघितलं, तर निम्मी बुरसली."

"पाणी मारलंत?" धुरंधरनं कपाळावर हात मारला. "अहो, तंबाखू आहे ती, झाडाची कुंडी नव्हे. तिला पाणी पाजायचं नसतं, नुसती ओल लागू द्यायची असते." त्यानं झाकण उघडलं, आतलं खापर उचललं आणि ते बोटांत धरून बराच वेळ बघत राहिला. "हे अजून आहे होय?"

"ते आमच्या हिचं आहे. टाचा घासायचं."

धुरंधर आधी हसायला लागला. मग काकांचा चेहरा बघून थांबला.

"वहिनींनी तुम्हाला कधीच सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

"स्टूल घ्या. बसा आधी." काका बसले. धुरंधर फळीवर रेलला. "ज्या हिवाळ्यात तुम्ही यायचे बंद झालात ना, तेव्हा वहिनी आल्या होत्या हा डबा घेऊन. म्हणाल्या, ही कोरडी होऊ नये म्हणून काय करायचं? मी सांगितलं, मातीचं खापर घ्या, चकाकी नसलेलं. आठवड्यातून एकदा पाण्यात घाला, बाहेरून नीट कोरडं पुसा आणि डब्यात टाका. खापर हळूहळू ओल सोडतं, तंबाखू पाहिजे तेवढी पिते. मी म्हणालो, वहिनी, एवढा खटाटोप कशाला? त्यांना लागेल तेव्हा ताजी घेऊन जातील. तर म्हणाल्या, नाही, त्यांचीच द्यायचीय. आणि कोरडी कडक जळते, घशाला लागते, त्यांचा खोकला उलटेल. मागतील तेव्हा मऊ असायला हवी."



"पुढेही यायच्या अधूनमधून," धुरंधर सांगत राहिला. "डबा उघडून मला वास घ्यायला लावायच्या. बरोबर आहे ना, म्हणून विचारायच्या. एकदा मी म्हणालो, अहो वहिनी, देऊन टाका ना त्यांना, मिटवा एकदाचं. तर हसल्या. म्हणाल्या, मी हरायला केव्हाची तयार आहे हो. पण त्यांनी मागायला तर हवं. रोज विचारते, काही हवंय का? म्हणतात, काही नको."

दुकानाबाहेरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. काकांनी मान खाली घातली होती. जन्मभर बंद कुलपं उघडण्यावर पोट भरलेल्या त्या माणसाला हे एवढंसं दार उघडता आलं नव्हतं. आतून कडी नव्हतीच. नुसतं ढकलायचं होतं, आणि तेच त्यांनी केलं नव्हतं.

"आता हिला काय करू?" शेवटी त्यांनी डब्याकडे बोट दाखवून विचारलं.

धुरंधरनं सावकाश सगळं समजावलं. पसरट वाडग्यात तंबाखू मोकळी पसरायची. पातळ कापड ओलं करून घट्ट पिळायचं आणि वाडग्याच्या तोंडावर ताणून बांधायचं, आतल्या तंबाखूला टेकू द्यायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं हातानं वरखाली करायची. घाई करायची नाही. चिमूट दाबून सोडली की ती हळूहळू उलगडायला हवी. कुरकुरली तर अजून तहानलेली आहे, गोळा झाली तर जास्त झाली. "आणि वास परत येईलच असं नाही हं," तो म्हणाला. "फार सुकली असेल तर ओल येते, वास येत नाही. सांगून ठेवतो."

रविवारी सकाळी काकांनी काचेचा वाडगा घेतला. काकूंचा एक मलमलचा रुमाल शोधून काढला, भिजवला, पिळला, पुन्हा पिळला. डब्यातली उरलेली तंबाखू अशा बेताने पसरली की एक कणही बाहेर पडू नये. रुमाल ताणून दोऱ्यानं बांधला आणि वाडगा मधल्या टोपलीवर ठेवून समोर बसून राहिले. चहा केला, तो गार झाला. दर थोड्या वेळानं रुमाल सोडायचा, बोटांच्या टोकांनी तंबाखू हलवायची, चिमूट दाबायची. कुरकुर. पुन्हा बांधायचं. कुलपाचं काम करताना काकांना कधी घाम फुटला नव्हता, आज फुटला होता. वास परत आला नाही तर? तर काकूंनी इतकी वर्षं जे जिवंत ठेवलं होतं, ते आपण मारलं असं होणार होतं. निम्मं तर मारलंच होतं.

दुपार कलली. रुमाल पुन्हा ओला करून पिळला. उन्हं भिंतीवर आली तेव्हा काकांनी चिमूट घेतली, तळहातावर दाबली आणि सोडली. ती तशीच पडून राहिली. मग एक धागा सुटला, मग दुसरा, आणि सगळी चिमूट अंग मोकळं करावं तशी सावकाश उलगडली. काकांनी हात नाकाशी नेला. आधी काही नाही. मग अगदी पुसट, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, सुक्या अंजिरांचा वास.

तेव्हा मात्र काकांना रडू आलं. बराच वेळ ते थांबेना. थांबवायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनीही थांबवलं नाही.

मग उठून त्यांनी तोंड धुतलं. तंबाखू डब्यात भरली, झाकण लावलं. पाइप जवळच होता, काड्याही होत्या. पण त्यांनी डबा टोपलीच्या तळाशी नेऊन ठेवला. वर लाल गुंडा, मग राखाडी, मग निळे, आणि सगळ्यात वर तो अर्धवट मोजा, सुयांसकट. वर्तमानपत्रं ठेवली नाहीत. आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि समोरच्या खुर्चीकडे पाहत राहिले. कुणी विचारायची वाट बघावी तसे. आता कोण विचारणार, हे त्यांना कळत होतंच. तरी त्यांनी थोडा वेळ दिला.

"हवाय," शेवटी ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा, नीट म्हणाले, "अगं, डबा हवाय मला. दे."

घरात काही हललं नाही. काकांनीच वाकून गुंडे बाजूला केले आणि डबा काढला. पाइप हातात घेतला, चिमूट भरून अंगठ्यानं दाबली, काडी ओढली. काडी पेटली. तेव्हा त्यांना त्या अटीची दुसरी बाजू आठवली. माझ्यासमोर बसून ओढायचा. तुम्ही खोकलात तर मला ऐकू यायला हवं.

काडी बोटांपर्यंत जळत आली, तशी त्यांनी फुंकली. पाइपमधली तंबाखू काढून परत डब्यात घातली, एक धागा मांडीवर पडला होता तोही उचलून. मग ते स्वयंपाकघरात गेले, वाटीत पाणी घेतलं आणि नळाशेजारच्या कट्ट्यावर खापर भिजत घातलं.